पुण्याच्या नदीकाठचे हिवाळी पाहुणे : एक जागा, एक वही, सहा महिने

सप्टेंबर संपत आला की एखाद्या सकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ एक सडपातळ पक्षी तुरुतुरु चालताना दिसतो. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी लांब आणि सारखी खालीवर होणारी. हा करडा धोबी. हिमालयातल्या किंवा त्याही पलीकडच्या एखाद्या ओढ्याकाठी पिल्लं वाढवून तो पुण्यात उतरलेला असतो. माझा हिवाळा त्या दिवशी सुरू होतो, स्वेटर मात्र दोन महिन्यांनी निघतं.

पक्षी बघायला सुरुवात करायची आहे, कुठं जाऊ, असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात भिगवण असतं. भिगवण सुंदरच आहे. उजनीच्या फुगवट्यावर उभे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, एकदा तरी बघावेतच. पण ते शंभर किलोमीटरवर आहे, तिथं वर्षातून एकदा जाणं होतं आणि एकदा जाऊन पक्षी ओळखता येत नाहीत. माझं म्हणणं असं की घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी एकच जागा धरा आणि ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला तिथंच जा. तोच काठ, तीच वेळ. चौथ्या-पाचव्या फेरीला तिथले नेहमीचे पक्षी ओळखीचे होतात, आणि मग नवा पाहुणा आला की तो आपोआप डोळ्यांत भरतो. पुढं जे लिहिलं आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

आधी वेळापत्रक डोक्यात बसवा

सगळे पाहुणे एकदम येत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धोबी, चिखलात टोचत फिरणारे तुतवार आणि शेपटी थरथरवणारा थिरथिरा येतात. बदकं उशिरा. नोव्हेंबरमध्ये तुरळक थवे दिसू लागतात, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्यांचा भर असतो. फेब्रुवारीत काटेसावर, पांगारा, पळस फुलले की भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे झाडांवर तुटून पडतात. मार्चमध्ये परतीची लगबग.

नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो तो नोव्हेंबरात. तेव्हा आलेली बहुतेक नर बदकं मादीसारखीच तपकिरी, मळकट दिसतात, कारण विणीनंतर त्यांनी पिसं टाकलेली असतात आणि रंगीत पिसं अजून पुरती आलेली नसतात. पुस्तकातलं हिरव्या डोक्याचं, पांढऱ्या छातीचं चित्र समोर कुठंच नसतं. निराश होऊ नका, जानेवारीत तेच पक्षी चित्रासारखे दिसतील. बदकं शिकायला जानेवारीच बरा.

दिवसातली वेळ म्हणाल तर सूर्योदयापासून अडीच तास. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सातच्या सुमारास उजाडतं. नदीवर धुकं असेल तर साडेसातपर्यंत काही दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. त्या अर्ध्या तासाला कंटाळू नका. पाण्यावरून येणारी टिटवीची ओरड आणि बदकांची कुजबुज धुक्यात फार जवळची वाटते.

जागा कोणती धरायची

नदीसाठी माझी पहिली पसंती कवडी पाट. सोलापूर रस्त्यानं हडपसर सोडून लोणी काळभोरकडे निघालं की टोलनाक्याच्या परिसरातून डावीकडे नदीकडे वळायचं. मुळा-मुठेवर इथं एक जुना, बुटका बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला पाणी साठतं, खालच्या अंगाला खडकांतून खळाळत जातं. एकाच ठिकाणी संथ पाणी, वाहतं पाणी, चिखल आणि खडक, त्यामुळे चार तऱ्हांचे पक्षी एकाच जागेवरून दिसतात. बंधाऱ्याला शहरातला कचरा अडकलेला असतो, पाण्याला वास येतो, काही दिवस फेसाचे ढीग तरंगत असतात. हे आधीच सांगतो, म्हणजे पहिल्याच दिवशी तोंड फिरवून परत याल असं होणार नाही.

शहरात राहणाऱ्यांना येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूचं डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य जवळ पडतं. बंडगार्डनच्या खालच्या अंगाला नदीकाठची झाडी आणि पात्रातली बेटं आहेत. पुण्यातल्या इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी या प्रदूषित नदीवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला होता. या काठावर पक्षी मोजणाऱ्यांची परंपरा अशी जुनी आहे. बाणेर-औंधकडच्यांनी राम नदी आणि मुळेचा संगम बघावा, तिथं काठावर अजून खरी झाडी आहे. सिंहगड रस्त्यावर राहत असाल तर विठ्ठलवाडीच्या बाजूचं मुठेचं पात्र.

पाषाण तलावावर जलपर्णी फार माजते आणि उघडं पाणी आक्रसतं, तसं बदकांना तिथं राहवत नाही. पण जांभळी पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी यांच्यासाठी तलाव अजूनही चांगला. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जायचं असेल तर मी पाषाणच सांगेन. पक्षी मोठे, ठळक रंगांचे, आणि फारसे बुजत नाहीत.

झाडीतल्या पक्ष्यांसाठी वेताळ टेकडी, तळजाई, विद्यापीठाचं आवार, एम्प्रेस गार्डन. त्यांच्याबद्दल पुढं.

दुर्बीण : विकत घेण्याआधी लावायला शिका

सुरुवातीला ८×४२ ची दुर्बीण घ्या. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोठा व्यास म्हणजे जास्त उजेड, आणि आपलं सगळं काम पहाटेच्या मंद उजेडातलं. दहापट दाखवणारी दुर्बीण दुकानात मोहात पाडते, पण हाताची थरथरही दहापट दिसते आणि दिसणारा पट्टाही बहुधा अरुंद असतो. उडणाऱ्या पक्ष्यामागे ती फिरवताना नवशिक्याची दमछाक होते. साधारण सात ते दहा हजारांत कामचलाऊ दुर्बीण मिळते. त्याआधी दोन-तीन फेऱ्या कुणाची तरी मागून न्या.

ती डोळ्यांना बसवून घेण्याची रीत अशी. आधी दोन्ही नळ्या मिटत-उघडत अशा अंतरावर आणा की दोन वर्तुळांऐवजी एकच स्वच्छ वर्तुळ दिसेल. मग लांबची एखादी दुकानाची पाटी धरा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला अक्षरं रेखीव दिसली की थांबा. आता डावा डोळा मिटा, चाकाला हात लावू नका, उजव्या नेत्रभिंगाजवळचं कडं फिरवून अक्षरं पुन्हा रेखीव करा. काही दुर्बिणींत हे कडं दुसऱ्या बाजूला असतं, तेव्हा डोळ्यांचा क्रम उलटा. कड्याचा आकडा लक्षात ठेवा. तो तुमच्या डोळ्यांचा आकडा, पुन्हा बदलायचा नाही. पुढं फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर नेत्रभिंगावरच्या रबरी वाट्या खाली दुमडून चष्म्यावरूनच बघा.

मला ओळखीच्या एका मुलीनं एकदा सांगितलं की दुर्बिणीतून तिला वर्षभर काहीच दिसलं नव्हतं. ती दुर्बीण डोळ्याला लावून मग पक्षी शोधत होती. उलटं करायचं. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडा. मान हलवू नका, पापणी हलली तरी चालेल. नजर तिथंच ठेवून दुर्बीण वर आणा, पक्षी आत असतोच. घरी खिडकीतून घारीवर आठवडाभर सराव केला की हाताला सवय होते.

काठावर पोचल्यावर

पहिली वीस मिनिटं चालू नका. आपण पोचलो तेव्हा पाण्यावरचे सगळे पक्षी आपल्याकडे बघत असतात. एखाद्या झाडाला टेकून बसा म्हणजे आपली उभी आकृती आभाळावर उमटत नाही. दहा मिनिटांत दूर सरकलेली बदकं परत काठाकडे येतात, तुतवार पुन्हा चिखल टोचायला लागतात.

ऊन पाठीशी घ्या. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच जातो. त्यामुळे उत्तर काठावर उभं राहून समोर, दक्षिणेला बघितलं तर पाण्यावरची तिरीप डोळ्यांत येते आणि सगळी बदकं काळी दिसतात. काठ कोणताही असो, सकाळी तोंड पश्चिमेकडे ठेवा. आपल्याकडे नदी बरीचशी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, म्हणजे सकाळी प्रवाहाच्या उगमाकडच्या बाजूला बघायचं. एवढ्या एका गोष्टीनं ओळखता येणाऱ्या पक्ष्यांची संख्या दुप्पट होते, असा माझा अनुभव आहे.

काठावरच्या माणसांशी बोला. कवडीला म्हशी घेऊन येणारे एक मामा आहेत. मी विचारतो, "मामा, चक्रवाक आले का?" ते हातातल्या काठीनं दाखवतात. "आल्यात की परवापास्नं. तांबडी जोडी हाय. पर आज पल्याड बसल्यात, बाया धुणं धुतात न्हवं का हितं." रोज तिथं असणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आठवड्यातून एकदा येणाऱ्याला कसं दिसणार? त्यांना "काय दिसलं" विचारावं आणि दुर्बीण हातात द्यावी. मामांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून आपलीच पलीकडची म्हैस बराच वेळ बघितली, आणि मग तिच्या पाठीवरचा गायबगळा.

नाव शेवटी, आधी बाकीचं

नवा पक्षी दिसला की लगेच पुस्तकात डोकं घालू नका, पक्षी उडून जातो. आधी स्वतःला विचारा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? चोच कशी? करतोय काय, टोचतोय, बुडी मारतोय, नुसता उभा आहे? बसलाय कुठं, पाण्यात, चिखलावर, खडकावर? रंग सगळ्यांत शेवटी, कारण उजेड बदलला की रंग फसवतो.

बदकांपासून सुरुवात करा, ती मोठी आणि निवांत असतात. आधी आपल्याकडे बारमाही राहणारं हळदी-कुंकू बदक पक्कं करा. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. इतकं चपखल नाव ज्यानं ठेवलं त्याची नजर पक्षी निरीक्षकाची असणार. हे पाठ झालं की जे बदक "हळदी-कुंकू नाही" ते पाहुणं असण्याची शक्यता वाढते.

थापट्याची चोच पुढं रुंद होत जाते, गवंड्याच्या थापीसारखी. तो पाण्याच्या पृष्ठभागावर चोच टेकवून ती गाळत पोहतो, आणि थोड्या पाण्यात पाच-सहा जण एकमेकांमागे गोल फिरून गाळ वर आणतात. एकदा ही घुसळण बघितली की लांबूनही थापट्या ओळखता येतो. तलवार बदकाची मान लांब, नराची शेपटी सुईसारखी. खाताना डोकं पाण्यात, शेपूट आभाळाकडे. चक्रांग अगदी लहान, आणि थव्यानं उडाला की सगळे एकदम वळतात. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेपर्यंत उतरणारी पांढरी जाड भुवई. मादी मात्र चक्रांगच्या मादीसारखी, तिथं पहिल्या वर्षी अडकून पडू नका.

चक्रवाक ओळखायला काहीच कष्ट नाहीत. शेंदरी-तपकिरी अंग, फिकट डोकं, उडताना पंखांवर पांढरे मोठे पट्टे. लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी त्यांची वीण होते. संस्कृत काव्यात रात्री विरह सोसणारी जोडी ती हीच. त्यांचा "आंग... आंग" असा खोल आवाज धुक्यात नदीच्या दोन्ही काठांवरून आळीपाळीनं आला की त्या कल्पनेचा उगम कळतो.

काळा, गुबगुबीत, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पाण्यातला पक्षी म्हणजे वारकरी. तो बदक नाही. त्याच्या बोटांना झालरी असतात, बदकांसारखे जाळीचे पाय नसतात. मुलांना हे नाव एकदा सांगितलं की ती विसरत नाहीत.

आता धोबी. हा माझा सगळ्यांत आवडता गट, आणि शहरातल्या माणसाला दुर्बिणीशिवायही शिकता येईल असा. पाच धोबी लक्षात ठेवा. पांढऱ्या भुवईचा धोबी आपला कायमचा रहिवासी, आकारानं मोठा, पाठ काळी, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. पांढरा धोबी पाहुणा. त्याची पाठ राखाडी, चेहरा बराचसा पांढरा, गळ्याशी काळा डाग. करड्या धोब्याची शेपटी सगळ्यांत लांब, आणि त्याला वाहत्या पाण्याचा शेजार लागतो, म्हणून तो बंधाऱ्याच्या खालच्या खडकांवर शोधा. पिवळ्या धोब्याची पाठ शेवाळी-हिरवट, तो ओल्या गवतात, म्हशींच्या पायांत घोटाळतो. पिवळ्या डोक्याच्या धोब्याचं डोकं हिवाळ्यात पिवळंधमक नसतं. गालावरच्या करड्या ठिपक्याला पिवळी किनार सगळ्या बाजूंनी वेढते का ते बघा. ती खूण पक्की.

तुतवार तीन, आणि तिघंही तपकिरी. इथं बरेच जण हात टेकतात. पण खुणा सोप्या आहेत. साध्या तुतवारीच्या छातीवरचा पांढरा रंग खांद्यापुढे पाचरीसारखा वर शिरतो, ती चालताना मागचा भाग सतत हलवते आणि पाण्यालगत पंख ताठ ठेवून थरथरत उडते. हिरवी तुतवार पाठीला गडद, बहुधा एकटी, उडाली की पंख खालून काळपट आणि बुड झगझगीत पांढरं. ठिपकेवाली तुतवार पाठीवर तिळाएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची, पाय पिवळसर, डोळ्यामागे लांब जाणारी भुवई. तिघींपैकी एकच पहिल्या हिवाळ्यात पक्की करा. मी साध्या तुतवारीपासून सुरुवात केली होती आणि बाकीच्या दोघी तिच्याशी ताडून आपोआप सुटल्या.

शेकाट्याबद्दल निराळं सांगायला हवं. काडीसारखे गुलाबी लांब पाय, काळे पंख, सुईसारखी चोच. तो सुंदर दिसतो, पण त्याचे शेकड्यांनी थवे दिसले तर पाण्याची चौकशी करा. सांडपाण्यानं माजलेल्या गाळात किड्यांच्या अळ्या अमाप होतात आणि शेकाट्यांना तेच हवं असतं. जिथं एके काळी नाना प्रकारची बदकं होती तिथं फक्त शेकाटे उरले, तर पक्षी "वाढले" असं वहीत लिहून थांबू नका. प्रकार किती उरले तेही लिहा.

आणि एक युक्ती. चक्रांगांचा सगळा थवा एकदम पाण्यावरून उठला तर थव्याकडे बघू नका, आभाळात बघा. पंख वर उचलून इंग्रजी व्हीसारखे धरलेले, गवतावरून खाली-खाली तरंगत येणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बहुतेक वेळा तिथं असतो.

बागा आणि टेकड्या : इथं कान आधी

झाडीत नदीची रीत चालत नाही. इथं पक्षी लहान, पानांच्या आड, आणि सारखे हलणारे. हळू चाला, पन्नास पावलांवर थांबा, ऐका.

हिवाळ्यात कीटक खाणारे लहान पक्षी मिश्र टोळीनं फिरतात. दहा मिनिटं झाडी मुकी असते आणि अचानक एकाच झाडावर वल्गुली, राखी वटवट्या, नाचण, शिंजीर असे सगळे येतात. त्यांच्यातच हिमालयाकडून आलेला हिरवट पर्णवटवट्या असतो, "चिस्-वी" असं तुटक बोलणारा. टोळी मिळाली की तिच्यामागे धावू नका, ती कोणत्या दिशेला सरकते ते बघून थोडं पुढं जाऊन उभं राहा. ती तुमच्या डोक्यावरून जाईल.

झाडाच्या खालच्या फांदीवर चिमणीहून लहान, तपकिरी पक्षी बसलाय, शेपटी झटक्यात वर उचलतोय, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसतंय आणि लाकडी खुळखुळ्यासारखं "टिर्र" ऐकू येतंय, तर तो तांबड्या छातीचा माशीमार. पुण्यातल्या जुन्या, मोठ्या झाडांच्या बागेत तो हिवाळाभर एकाच कोपऱ्यात सापडतो.

थिरथिऱ्यासाठी जंगल नको. पडकी भिंत, बांधकामाचा राडारोडा, सोसायटीची मागची बाजू पुरे. नराचं अंग काळं, पोट विटकरी, आणि बसल्या बसल्या शेपटी अशी थरथरते की नाव विचारावं लागत नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणावर दर ऑक्टोबरला एक येतो. तोच आहे का ते मला सांगता येणार नाही, पण बसतो त्याच खांबावर.

वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून मुख्य वाट सोडून खाणीच्या बाजूला जा. उघड्या माळावर गप्पीदास, खाटीक, तारेवर किंवा वाळक्या फांदीवर कापशी घार. काटेसावर फुलली की टेकडीवरचं सगळं वेळापत्रक तिच्याभोवती फिरतं. अशा एका झाडाखाली अर्धा तास बसलात तर वेगळं कुठं जायची गरज नाही.

आवाज ओळखून देणारी मोफत ॲप आहेत, मर्लिन त्यातलं सगळ्यांच्या फोनवर असतं. ते वापरा, पण त्यानं सांगितलेलं नाव पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत लिहू नका.

वही

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. दव पडलं की पेनची शाई पसरते. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो :

"कवडी. जानेवारी, दुसरा रविवार. ७.१५ ते ९.३०. धुकं ७.४० पर्यंत, वारा नाही. फेस बंधाऱ्याखाली, कमरेएवढा. हळदी-कुंकू १४. थापट्या अंदाजे ६०, नर रंगात. चक्रवाक ४. शेकाट्या १२०+. नदीसुरय ३. करडा धोबी २, पांढरा धोबी ११. साधी तुतवार ५. तलवार बदक नाही."

शेवटची ओळ बघा. "नाही" हे लिहिणं फार महत्त्वाचं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर "लक्षात नाही" आणि "नव्हतं" यांत फरक करता आला पाहिजे.

मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, दहांनी पाण्याचा किती तुकडा व्यापला ते डोळ्यांत बसवा आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जा. बुडी मारणारे पक्षी सुटतात, म्हणून तीनदा मोजा. सुरुवातीला अंदाज कमीच येतो.

घरी आल्यावर हीच नोंद ईबर्डवर टाका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे व्यासपीठ मोफत आहे आणि तुमची यादी जगभरच्या नोंदींत जमा होते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती चालू आहे आणि त्यात सामान्य निरीक्षक भाग घेऊ शकतात. फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतल्या पक्ष्यांची मोजणी असते, त्यासाठी पंधरा मिनिटं आणि एक खिडकी पुरते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात, मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांच्या दरम्यानचा. शाळेतल्या मुलांना काठावर आणायला याहून चांगला आठवडा नाही.

काही गोष्टी करू नका

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथं फक्त खायचं आणि विश्रांती घ्यायची असते. आवाजानं तो आपल्या जागेवर कुणी घुसला असं समजून धावत सुटतो. थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून दगड मारणारे मी बघितले आहेत, आणि तिथल्या तिथं त्यांना थांबवलंही आहे. तुम्हीही थांबवा. शेव, फरसाण, पाव टाकू नका. सगळे पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागले की तुम्ही जास्त पुढं आला आहात, दोन पावलं मागं या.

स्वतःचंही सांभाळा. नदीकाठचा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर असतो. एकदा बंधाऱ्यालगत माझा पाय असाच गेला, बूट आतच राहिला, आणि पायाला काच लागली. तेव्हापासून घोट्याच्या वर येणारे जाड बूट घालतो, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतो, आणि घरी आल्याशिवाय हात तोंडाला लावत नाही. एकटं जाऊ नका, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पहाटे आक्रमक असतात. कपडे मातकट, खाकी, शेवाळी. पांढरा शर्ट नको.

नदीबद्दल

वासामुळे या काठांकडे लोक फिरकत नाहीत, आणि लोक फिरकत नाहीत म्हणून काठावर राडारोडा पडतो, झाडी तुटते, पात्र अरुंद होतं. तरीही पक्षी येतात. त्यांना सरळ, बांधीव काठ नको असतो. उथळ कड, चिखलाचा पट्टा, पात्रातली बेटं आणि काठावरचं वेडंवाकडं गवत एवढं मिळालं तरी तुतवार आणि धोबी तग धरतात. काठ सिमेंटनं चढवला की उथळ पाणी जातं आणि त्याबरोबर तेही. नदीत काय बांधायचं, काय नाही, यावर शहरात वाद चालू असतो तेव्हा "इथं पक्षी होते" असं नुसतं म्हणून भागत नाही. तारीख, वेळ, आकडा लागतो. तुमच्या वहीत तो असेल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काठावर गेलात तर पिवळ्या डोक्याच्या धोब्याचं डोकं खरंच पिवळं झालेलं दिसेल, मागे मानेला काळी पट्टी उमटलेली. पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होत आलेला असतो. आता निघायची वेळ. बरीचशी बदकं आधीच गेलेली असतात. एका रविवारी खडकावर दोन धोबी असतात, पुढच्या रविवारी एक, आणि त्याच्या पुढच्या रविवारी नुसता खडक. त्या दिवशीही पूर्ण अडीच तास बसा, आणि वहीत तारीख घालून लिहा : करडा धोबी, नाही.